रक्त कमी पडतं, की रक्त मोडतं?

गटाच्या बैठकीत आता बचतीच्या वहीबरोबर एचबीचा कागदही निघतो. कुणाचं नऊ, कुणाचं आठ, कुणाचं साडेसात. कागद बघितला की सगळ्याजणी एकच सांगतात, "लाल गोळी घे, पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा." आणि ते बरोबरच आहे. आपल्याकडच्या बहुतेक बायकांचं रक्त लोह कमी पडल्यामुळेच उतरतं. तेव्हा आजचं ऐकून कुणी लोहाच्या गोळ्या बंद करू नका, हे आधीच सांगून ठेवतो.

पण टाकीतलं पाणी कमी व्हायला तीन कारणं असतात. वरून भरतच नाही, खालून गळतं, किंवा भरलेलं कुणीतरी उपसून टाकतं. रक्ताचंही तसंच. लोह नसेल तर रक्त तयारच होत नाही. पाळी फार जात असेल, मूळव्याध असेल, पोटात जंत असतील, तर रक्त गळतं. आणि तिसरा प्रकार असा की रक्त तयार होतंय, कुठून गळतही नाही, पण आतल्या आत मोडतंय. आज या तिसऱ्या प्रकाराची गोष्ट सांगायची आहे. तो कसा ओळखला गेला आणि त्यावरचे उपचार एकेक करून कसे हाती आले, याला शंभराहून जास्त वर्षं लागली. त्या वर्षांमध्ये बायका बऱ्याच आहेत. काही खाटेवर, काही प्रयोगशाळेत, आणि काही आपल्या मुंबईत.

आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण चार महिने जगते. म्हातारी झाली की पाणथरी तिला गाळून काढते. पाणथरी म्हणजे डाव्या बरगडीखालचा तो अवयव, जो मलेरियात सुजून हाताला लागतो. हाडांच्या आतला मगज तेवढ्याच नव्या पेशी रोज तयार करतो, म्हणून हिशेब जुळतो. काही जणांच्या बाबतीत मात्र शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणा चुकते. जंतूंवर सोडायची प्रतिपिंडं ती आपल्याच तांबड्या पेशींवर चिकटवते. खूण लागलेली पेशी दिसली की पाणथरी तिला खाऊन टाकते. मग पेशी चार महिन्यांऐवजी काही आठवडे, कधी काही दिवसच टिकते. कुंपणानंच शेत खावं, तसं हे. डॉक्टरी भाषेत याला ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमिया म्हणतात. हा जन्मापासून नसतो, नंतर जडतो. लाखात वर्षाला एक ते तीन माणसांना होतो, म्हणजे दुर्मीळच. पण ज्या घरात होतो त्या घराला दुर्मीळ असण्याचा काय उपयोग?

मोडलेल्या पेशींतून पिवळा रंग सुटतो. त्यामुळे डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, धाप लागते, छाती धडधडते. पिवळे डोळे दिसले की आपल्याकडे पहिला शब्द काय? कावीळ. आमच्या एका गटातल्या ताईंना हेच झालं. घरच्यांनी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, नाकात रस घातला, पथ्य म्हणून तेल-मीठ तोडलं. तीन आठवडे गेले. एचबी चारवर आलं तेव्हा चार जणांनी उचलून गाडीत घातलं. यात घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही. कारण डॉक्टरांनासुद्धा ही कावीळ आणि ती कावीळ वेगळी करायला फार काळ लागला होता.

1887 साली लंडनमध्ये स्पेन्सर वेल्स नावाच्या शल्यचिकित्सकांनी एका तरुण बाईचं पोट उघडलं. पोटात मोठा गोळा होता आणि तिला वरचेवर कावीळ व्हायची. गोळा निघाला पाणथरीचा. त्यांनी ती काढून टाकली आणि बाईची कावीळ कायमची गेली. का गेली, हे त्यांना सांगता आलं नाही. चाळीसेक वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, तेव्हा उमगलं की तिच्या तांबड्या पेशी जन्मतःच नाजूक होत्या आणि पाणथरी त्यांना मोडत होती. डॉक्टरांचं नाव पुस्तकात आहे, त्या बाईचं नाही.

पॅरिसमध्ये शोफार नावाच्या डॉक्टरांनी 1907 मध्ये एक साधी युक्ती काढली. रक्ताच्या पेशी पातळ मिठाच्या पाण्यात टाकायच्या. जन्मजात नाजूक पेशी लवकर फुटतात, इतर टिकून राहतात. पुढच्या एक-दोन वर्षांत तिथल्याच डॉक्टरांच्या लक्षात आलं की काही रुग्णांमध्ये हा आजार घराण्यातून येत नाही. तो मोठेपणी अचानक जडतो आणि त्यांच्या रक्तद्रवात पेशी फोडणारं काहीतरी असतं. 1911 मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात मिकेली यांनी अशा नंतर जडलेल्या आजारातही पाणथरी काढून बघितली. फरक पडला. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं रक्त देणं आणि पाणथरी काढणं यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. जन्मजात आजारात ऑपरेशन छान लागू पडायचं, नंतर जडलेल्यात कधी पडायचं, कधी नाही. आणि कोणता रुग्ण कोणत्या प्रकारचा, हे खात्रीनं सांगणारी तपासणीच नव्हती.

यात आणखी एक अडचण होती ती समजुतीची. पॉल एर्लिख हे जर्मनीतले फार मोठे शास्त्रज्ञ. शरीर स्वतःविरुद्ध असं हत्यार उचलणार नाही, असा विचार त्यांनी 1901 च्या सुमारास मांडला. 1904 मध्ये व्हिएन्नामध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीनं रक्त मोडणाऱ्या एका आजारात नेमकं उलट दाखवून दिलं. तरी मोठ्या माणसाचा शब्द जड असतो, तो आपल्या गावातच असतो असं नाही. शरीर आपल्याच पेशींवर उठतं, हे बहुतेकांना पुढे कित्येक वर्षं पटलं नाही.

ते पटवून दिलं एका जनावरांच्या डॉक्टरांनी. आपल्या गोठ्यात येतात ना, तसल्याच शिक्षणाचे. रॉबिन कूम्स हे मूळचे पशुवैद्य. पुढे केंब्रिजमध्ये संशोधनाला लागले. त्या काळी आर्‍एच निगेटिव्ह आयांच्या बाळांचा प्रश्न मोठा होता. हा विषय तुम्हाला माहीत आहे. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळाच्या पेशी मोडतात. आज त्यासाठी बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत इंजेक्शन देतात. तेव्हा इंजेक्शन तर नव्हतंच, आईच्या रक्तात ही प्रतिपिंडं आहेत की नाहीत हेही नीट कळत नव्हतं. ती पेशींना चिकटायची, पण दिसायची नाहीत.

कूम्स लंडनहून केंब्रिजला रात्रीच्या गाडीनं परतत होते. डब्यात दिवा मिणमिणता, वाचता येण्यासारखं काही नाही. बसल्या बसल्या डोक्यात कल्पना आली की पेशीला चिकटलेलं प्रतिपिंड दिसत नसेल तर त्याला पकडणारं दुसरं प्रतिपिंड आणायचं. ते सशाच्या शरीरात तयार करून घेता येतं. रुग्णाच्या पेशी धुऊन घ्यायच्या आणि त्यावर हे सशाचं द्रव्य टाकायचं. पेशींना काही चिकटलेलं नसेल तर त्या सुट्या राहतात. चिकटलेलं असेल तर त्यांच्या गुठळ्या होतात. मुरमुऱ्यांवर गुळाचा पाक पडला की ते कसे एकमेकांना धरतात, तसं. 1945 मध्ये कूम्स, मुरँट आणि रेस या तिघांनी ही पद्धत छापली. तिचं नाव कूम्स टेस्ट.

पुढच्याच वर्षी, 1946 मध्ये, लंडनमध्ये कॅथलीन बूरमन, बार्बरा डॉड आणि जॉन लाउटिट यांनी हीच तपासणी रक्त मोडणाऱ्या रुग्णांवर करून पाहिली. पहिल्या दोघी बायका, रक्तगटांच्या कामात मुरलेल्या. जन्मजात आजार असलेल्यांच्या पेशी सुट्या राहिल्या. नंतर जडलेल्यांच्या गुठळ्या झाल्या. चाळीस वर्षं जो निवाडा होत नव्हता, तो एका काचेच्या नळीत झाला. आमच्या मते या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पाऊल हेच. औषध नंतर आलं, पण औषध कुणाला द्यायचं हे इथं ठरलं.

औषधही फार लांब नव्हतं. सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेंच आणि केंडल यांनी सांधे आखडून खाटेला खिळलेल्या एका 29 वर्षांच्या बाईला कॉर्टिसोन नावाचं द्रव्य टोचलं. काही दिवसांत ती उठून चालू लागली. हे कॉर्टिसोन तेव्हा बैलाच्या पित्तापासून, तीसहून जास्त पायऱ्या करत बनवायला लागायचं, त्यामुळे सोन्यासारखं मोजून वापरायचे. 1950 मध्ये या कामाला नोबेल मिळालं. त्याच सुमारास बोस्टनचे डॉक्टर डॅमशेक यांनी हे औषध रक्त मोडण्याच्या आजारात वापरलं आणि एचबी चढायला लागलं. कारण ते शरीराच्या त्या चुकलेल्या राखणदाराला शांत करतं, पाणथरीचा सपाटाही कमी करतं.

आजही या आजाराच्या नेहमीच्या, म्हणजे अंगाच्या उबेत रक्त मोडणाऱ्या प्रकारात पहिला उपचार हाच आहे. गोळीचं नाव प्रेडनिसोलोन. शंभरातल्या सत्तर-ऐंशी जणांना ती लागू पडते. दोन-तीन आठवड्यांत फरक दिसतो, पण गोळी हळूहळू कमी करत न्यायला कित्येक महिने लागतात आणि कमी करताना आजार पुन्हा उलटतो असंही पुष्कळदा होतं. मघाशी सांगितलेल्या ताईंनाही याच गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात एचबी नऊवर आलं. तोंड मात्र सुजलं, साखर वाढली, भूक अशी लागायची की रात्री उठून भाकरी शोधायच्या. शेजारणी म्हणाल्या, "या गोळ्या वाईट, सोडून दे." त्यांच्या सुनेनं सोडू दिल्या नाहीत, हे नशीब. स्टेरॉइडची गोळी बरेच दिवस घेतली की शरीर स्वतःचं ते द्रव्य बनवायचं थांबवतं. मग गोळी एकदम सोडली तर माणूस कोसळू शकतो. त्रास होतो हे खरंच आहे. तो डॉक्टरांना सांगून मात्रा कमी करून घ्यायची, आपल्या मनानं नाही.

या ताईंच्या चिठ्ठीवर आणखी एक लहानशी पिवळी गोळी होती, फोलिक अ‍ॅसिडची. ती बघून त्या म्हणाल्या, "ही तर गरोदरपणातली." बरोबर. आणि तिची मुळं मुंबईतली आहेत.

1928 मध्ये लूसी विल्स नावाची इंग्लंडची डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिचं काम होतं. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायका गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि पुष्कळजणी दगावत. त्याचं कारण तिला शोधायचं होतं. तिनं आधी जंतू आहे का ते पाहिलं. मग या बायका काय खातात ते पाहिलं. ताटात भाजी, फळ, दूध जवळपास नाही. ज्यांचं ताट बरं, त्यांना हा आजार कमी. मग तिनं एक स्वस्त पदार्थ देऊन बघितला, मार्माइट. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून केलेला काळा, खारट अर्क. बायका भराभर सुधारल्या. हे तिनं 1931 मध्ये छापलं. त्यात नेमकं काय आहे हे तिला सांगता आलं नाही, म्हणून लोक त्याला बरीच वर्षं विल्स फॅक्टर म्हणत. 1941 मध्ये तेच द्रव्य अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पानावरूनच त्याला फोलिक हे नाव पडलं.

रक्त मोडण्याच्या आजारात हे कशाला? तर पेशी भराभर मोडतात म्हणून हाडांतला मगज कित्येक पटींनी नव्या पेशी काढायला लागतो. प्रत्येक नव्या पेशीला फोलिक अ‍ॅसिड लागतं. साठा संपला की कारखानाच बंद. ही गोळी आजार बरा करत नाही, पण तिच्यावाचून बाकीचे उपचार लंगडे पडतात. लोहाचं मात्र तसं नाही. मोडलेल्या पेशीतलं लोह बहुतेक वेळा शरीरातच राहतं, म्हणून या आजारात नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी एचबी चढत नाही. गोळ्या नियमित घेऊनही एचबी खालीच जात असेल तर त्याचा अर्थ विचारायला हवा तो इथं.

स्टेरॉइडनं भागलं नाही तर पुढे काय, याचं उत्तरही एका बाईच्या कामातून आलं. गर्ट्रूड एलियन. न्यूयॉर्कमध्ये रसायनशास्त्र शिकली. प्रयोगशाळेत नोकरी मागायला गेली तर, बाई आली की पुरुषांचं कामात लक्ष लागणार नाही, असं सांगून परत पाठवली. पुढे तिनं हिचिंग्स यांच्याबरोबर रक्ताच्या कर्करोगावरचं औषध शोधलं आणि त्याच घराण्यातलं अझाथायोप्रिनही. 1962 मध्ये बोस्टनमध्ये श्वार्ट्झ आणि डॅमशेक यांनी या घराण्यातली औषधं आपल्या आजारात वापरून पाहिली. राखणदाराला आवरणारी ही औषधं आजही स्टेरॉइडच्या जोडीला देतात. 1988 मध्ये एलियनला नोबेल मिळालं. डॉक्टरेट नव्हती तिच्याकडे.

रिटुक्सिमॅब हे त्यानंतरचं. प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशींवरच नेम धरणारं हे सलाईनमधून द्यायचं औषध 1997 मध्ये अमेरिकेत दुसऱ्या एका आजारासाठी मंजूर झालं आणि मग इकडेही वापरात आलं. परदेशी औषधाची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची. 2007 मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं तसंच औषध इथं काढलं, तेव्हा भाव उतरला. तरी स्वस्त नाहीच. आता बऱ्याच ठिकाणी पाणथरी काढण्याआधी हे देऊन बघतात. पाणथरी काढायचीच झाली तर आधी ठरावीक लसी घ्याव्या लागतात, कारण तिच्याशिवाय काही जंतूंशी लढणं जड जातं.

सगळ्यांना हीच औषधं चालतात असंही नाही. एक प्रकार थंडीनं रक्त मोडणारा असतो. त्यात बोटं, नाक, कान निळे पडतात. त्याला स्टेरॉइड आणि ऑपरेशन फारसं लागू पडत नाही. ऊब सांभाळणं हाच उपचाराचा मोठा भाग. दुसरा प्रकार औषधानंच होतो. 1966 मध्ये लंडनच्या शीला वर्लेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तदाबाची मिथिलडोपा ही गोळी घेणाऱ्या काहींची कूम्स टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि त्यातल्या थोड्यांचं रक्त मोडतं. उपचार एकच, गोळी बदलायची. हीच गोळी आपल्याकडे गरोदरपणातल्या रक्तदाबासाठीही देतात. घाबरून ती आपण होऊन सोडू नका, वाढलेला रक्तदाब त्याहून लवकर जीव घेतो. डोळे पिवळे वाटले तर डॉक्टरांना गोळी दाखवून विचारा.

आणि रक्त चढवणं? इथं रक्तपेढीची कसोटी लागते. रुग्णाची प्रतिपिंडं बहुतेक सगळ्यांच्याच पेशींना चिकटतात, त्यामुळे कुठलीही पिशवी जुळत नाही असं दिसतं. ताईंच्या वेळी मुलगा रडकुंडीला आला होता, "गट जुळतोय तरी रक्त देत नाहीत." जीवावर बेतलं असेल तर डॉक्टर त्यातल्या त्यात जुळणारं रक्त सावकाश, लक्ष ठेवून देतात. असं अवघड काम करणारी संस्था परळलाच आहे, केईएम रुग्णालयाच्या आवारात. 1952 मध्ये मुंबईतल्या भेंडे, देशपांडे, भाटिया या डॉक्टरांनी बॉम्बे ब्लड ग्रुप हा अत्यंत दुर्मीळ रक्तगट जगापुढे आणला. 1957 मध्ये रक्तगटांसाठी सरकारी केंद्र निघालं, तेच वाढत आज राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था झालं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मेडिकल कॉलेजात, जिथं रक्तपेढी आहे तिथं, कूम्स टेस्टची चौकशी करता येते. खर्चाचं आधी योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, मग गटाच्या कर्जाचा अर्ज लिहा.

त्या ताईंना गटानं अंतर्गत कर्ज दिलं होतं, दोन टक्क्यांऐवजी एक टक्क्यानं. आता त्यांची प्रेडनिसोलोनची गोळी अर्ध्यावर आली आहे आणि दर महिन्याला एचबी तपासायला त्या बैठकीच्या दिवशीच तालुक्याला जातात. गेल्या महिन्याचं दहा पूर्णांक चार होतं.